एस्प्रेसो यंत्रातील तापक : दोष व बदली

एस्प्रेसो यंत्राच्या बॉयलरमधील पाणी तापवणारा विजेचा हीटर. याची रचना गिझरच्या कॉइलसारखीच असते. आत निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, गुंडाळी. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली भुकटी. आणि वर तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज अडवते. सुरुवातीच्या यंत्रांत मात्र असा तापक नव्हता : लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये मिलान येथे ज्या एस्प्रेसो यंत्राचे पेटंट मागितले, त्याचा बॉयलर ज्योतीवर तापे. नायक्रोमचे पेटंट अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात फुसफुसणारे ‘एस्प्रेसो’ यंत्र अजूनही बहुधा त्याच जुन्या वळणाचे, गॅसवर चालणारे असते. अशा यंत्रात विजेचा तापक नसतो. खरे तर त्यातली कॉफीही एस्प्रेसो नसते.

तापक बिघडतो तो मुख्यतः दोन प्रकारे. गुंडाळी तुटली तर यंत्राचा दिवा लागतो, पंप चालतो, पण पाणी थंडच राहते. नळीला चीर गेली किंवा भुकटीत ओल शिरली तर वीज बॉयलरच्या धातूत उतरते आणि घरातला गळती-रोधक स्विच पडतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीवर साचला की उष्णता आतच कोंडते. वाफ काढता काढता बॉयलर कोरडा पडणे त्याहून घातक. १२० व्होल्टचे यंत्र अमेरिकेहून आणून थेट २३० व्होल्टवर लावले, तर १,००० वॉटचा तापक सुमारे ३,७०० वॉट ओढू पाहतो; मग तो फार काळ टिकत नाही.

पाणी तापत नाही म्हटल्यावर नवा तापक मागवण्याची घाई बहुधा महागात पडते. थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा टोकाची जळकी क्लिप हेही तितकेच संभाव्य दोषी असतात, आणि ते तापकापेक्षा स्वस्त असतात. म्हणून आधी मोजमाप. यंत्राचा प्लग काढावा (नुसते बटण बंद करून भागत नाही), बॉयलर निवू द्यावा, तापकाच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि दोन टोकांमधला रोध मल्टीमीटरने पाहावा. व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागले की अपेक्षित आकडा मिळतो : २३० व्होल्टवरच्या १,४०० वॉटच्या तापकाला सुमारे ३८ ओहम. बल्बच्या टंगस्टन तारेचा रोध तापल्यावर कित्येक पटींनी वाढतो. नायक्रोमचा काही टक्केच वाढतो, त्यामुळे थंड तापकावरचे हे माप विश्वासार्ह ठरते. मीटर अनंत दाखवत असेल तर गुंडाळी तुटली. त्यानंतर एक टोक आणि बॉयलरचा धातू यांमध्ये मोजावे. येथे मात्र अनंतच दिसायला हवे. साध्या मीटरचा दाब थोडा असल्याने बारीक गळती त्याला दिसत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (विद्युतरोधन तपासणारे मीटर) लागतो, आणि त्यावर १ मेगओहमपेक्षा कमी रोध आला तर तापक संशयास्पद. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या यंत्रात ही गळती नुसत्या ओलीची असू शकते. तापक सुटा काढून मंद ओव्हनमध्ये काही तास वाळवल्यावर ती कधीकधी नाहीशी होते.

बदलण्याचे काम यंत्राच्या जातीवर अवलंबून असते. जुन्या ‘गॅजिया क्लासिक’सारख्या यंत्रात तापक ॲल्युमिनियमच्या बॉयलरच्याच अंगात बसवलेला असतो, तो एकटा निघत नाही, बॉयलरच बदलावा लागतो. पितळी बॉयलरमध्ये तो पुष्कळदा आट्यांनी किंवा बोल्टांनी बसवलेला असतो. क्षाराने घट्ट बसलेल्या आट्यांवर जोर करण्याआधी सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवणे बरे. पितळ मऊ असते, आटे सहज मरतात. ॲल्युमिनियमला मात्र आम्ल जपूनच लावावे. काढताना वायरींचा फोटो घ्यावा, जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत आणि अर्थिंगची वायर न विसरता जोडावी.

पुष्कळ घरगुती यंत्रांत मुख्य बटण दाबताच तापक सुरू होतो. नवा तापक कोरड्या बॉयलरमध्ये काही मिनिटांतच जळू शकतो. म्हणून वायरी सुट्या ठेवून, टोकांना टेप लावून, आधी फक्त पंप चालवावा. कॉफीच्या तोंडातून पाण्याची सलग धार आली आणि सांध्यातून गळत नाही असे दिसले, की प्लग काढून मगच तापक जोडावा.