राजाचा छंद, कारागिराचा हात

तेरावा लुई १६१० साली फ्रान्सच्या गादीवर बसला, तेव्हा तो अवघा आठ वर्षांचा होता. त्याचा वैद्य झाँ एरोआर याच्या रोजनिशीत हा बालराजा स्वतःच्या हातांनी बंदुका खोलताना, पुन्हा जोडताना दिसतो. १६४३ साली मरेपर्यंत हा नाद सुटला नाही. लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्झ्वा याने घडविलेली चकमकीची बंदूक याच संग्रहातली. १६७३ च्या यादीत या बंदुकांना क्रमांक मिळाले. १७८९ च्या जुलैत पॅरिसच्या लोकांनी शस्त्रांसाठी राजभांडारच फोडले. इतिहास याला राजाचा संग्रह म्हणतो. आम्हां कामगारांना एवढेच सांगावयाचे आहे, की राजाला वेड लावले ते कारागिराच्या कामाने. आणि ते काम उमगावयास राजालाही हात काळे करावे लागले.