फतेह मैदान

वाचकहो, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याची राजधानी कोणती, असे आज विचारले तर शाळकरी पोरही मुंबई म्हणून सांगेल. पण १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत याचे उत्तर हैदराबाद असे होते. त्या शहरात, मुसी नदीच्या उत्तरेला, एक प्रसिद्ध मैदान आहे. त्याचे नाव फतेह मैदान, म्हणजे विजयाचे मैदान.

आता हा विजय कुणाचा? १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. आठ महिने किल्ला दाद देईना. शेवटी आतल्याच फितुराने दरवाजा उघडला. मोगल फौजेचा तळ या माळावर होता आणि विजयाचा उत्सवही इथेच झाला, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. जिंकणाऱ्याची आठवण अशी मैदानाला चिकटली. हरलेला अबुल हसन तानाशाह मात्र आपल्या मराठवाड्यात आला, तोही कैदी होऊन! त्याचे उरलेले आयुष्य दौलताबादच्या किल्ल्यात गेले. खुलताबादेत त्याची कबर आहे.

पुढे निजामशाही आली. तिची राजधानी आधी औरंगाबाद होती. १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली. निजामाच्या काळी या मैदानावर पोलो रंगे. कुरुंद्याचा शेतकरी सारा भरी तो त्याच सरकारला. मैदान पाहणे मात्र त्याच्या नशिबी क्वचितच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५५ च्या नोव्हेंबरात याच मैदानावर पॉली उम्रीगर यांनी न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या. कसोटीतले ते भारताचे पहिले द्विशतक. वर्षभराने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, पंडित नेहरूंनी इथे आंध्र प्रदेश राज्याचे उद्घाटन केले. आणि बरं का, त्याच दिवशी मराठवाड्याचे पाचही जिल्हे मुंबई राज्यात आले. तिकडे नव्या राज्याचा सोहळा चालला होता, इकडे आपले त्या राजधानीशी असलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते संपत होते.

१९६७ मध्ये इथल्या क्रीडागाराला लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले. ७ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणाच्या नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधीही इथेच झाला. सत्ता मिळाली की ती चारचौघांत मिरवायची, ही रीत जुनीच. फरक एवढाच की औरंगजेबाला कुणाची संमती लागली नव्हती. आज शपथ घेणाऱ्याला आधी तुमच्या-आमच्यासारख्यांच्या दारी मत मागावे लागते. मैदानाचे जुने नाव खरे ठरले असेल, तर ते या अर्थाने.