काळ्या रानातले चाक : रेणापूर परिसरातील गाडीचा इतिहास

रेणापूर हे लातूर–अंबाजोगाई रस्त्यावरचे, रेणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. इथली जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली, काळी आणि चिकण. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चाकाला लपेटून बसते. गाडीचे चाक किती उंच असावे, किती रुंद असावे आणि वरचा भार कशाने पेलावा, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या या मातीनेच ठरवले. आज पिकअपला मोठे टायर आणि स्प्रिंगचे जादा पाटे टाकले जातात, त्यामागेही बऱ्याच अंशी तीच आहे.

पक्के रस्ते होण्यापूर्वी दख्खनमधला लांब पल्ल्याचा माल चाकापेक्षा बैलांच्या पाठीवरून अधिक जाई. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन याच मुलखातून ये-जा करत. पावसाळ्यात मात्र तेही थांबत. शेजारच्या सोलापूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत एकसंध लाकडाची, काही ठिकाणी तर दगडाची भरीव चाके होती. टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने हलक्या, सुधारित गाड्या तयार होऊ लागल्या, आणि आऱ्यांच्या चाकांची गाडी दख्खनभर रुळली.

हे लाकडी चाक म्हणजे सुतार आणि लोहार या दोघांच्या कसबाचा मेळ होता. मधला तुंबा बाभळीचा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडत नेलेल्या पुठ्या आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दामच चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करत. गोवऱ्यांच्या गोल रचलेल्या आगीत ती लाल होऊन फुगली की सांडशांनी उचलून चाकावर चढवायची, घणाने बसवायची आणि लाकूड पेटण्याआधी वर पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आकसे आणि सगळे सांधे एका दमात गच्च होत. ऊन तापले की लाकूड सुकून धाव सैल पडे. मग चाके पाण्यात भिजत घालत किंवा फटींत लाकडी पाचर मारत. आखाला एरंडेलाचे वंगण लागे. त्यात हयगय झाली तर तुंबा आतून झिजे.

या चाकाची उंची सहसा चार-पाच फूट असे. ती शोभेसाठी नव्हती. उंच चाकाचा आख चिखलाच्या वर राहतो आणि खड्ड्यातून निघताना बैलांना ओढ कमी लागते. अरुंद धाव वरचा चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचते. मात्र हीच धाव मुरमाच्या आणि खडीच्या रस्त्याला घातक ठरली. त्याच त्याच जागी फिरून ती चाकोऱ्या पाडी आणि पहिल्याच पावसात त्या चाकोऱ्यांचे ओहोळ होत.

दरम्यान वाहतुकीची दिशा बदलत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला पोहोचली. लातूरची पेठ वाढली, आणि भोवतालच्या गावांच्या गाड्यांची तोंडे तिकडे वळली. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने 27 मोटारगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. तरीही रानातून गावापर्यंतची मजल बैलगाडीचीच राहिली.

तिथे खरा बदल रबरी टायरने केला. जॉन बॉइड डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट 1888 मध्ये घेतले होते आणि त्याच्या नावाच्या कंपनीचा बंगालमधील साहागंजचा कारखाना 1936 मध्ये सुरू झाला. पुढे जुन्या मोटारींचे आख आणि टायर बैलगाडीखाली आले, मग खास बैलगाडीसाठीही टायर निघाले. लोक तिला टायरगाडी किंवा डनलॉप गाडी म्हणू लागले. बेअरिंगमुळे ती हलकी चाले, रस्ता कापत नसे, आणि गाडीला एरवी नसलेली स्प्रिंग तिच्या टायरमधल्या हवेने दिली. पण आख खाली आला. ओल्या रानात टायरगाडी पोटावर बसते, म्हणून लाकडी चाक लगेच गेले नाही. मांजरा कारखाना आणि पुढे तालुक्यातच निवाड्याला उभा राहिलेला रेणा कारखाना यांमुळे ऊस वाढला, आणि टायरगाडी गळिताच्या हंगामाचे वाहन झाली. त्या गाडीवर दोन-अडीच टन ऊस रचला जातो, आणि उतारावर तो सारा भार बैलांच्या मानेवर येतो. मजूर आणि बैल या दोघांवर पडणारा हा ताण या इतिहासातली सर्वांत क्लेशाची बाजू आहे.

पिकअप आली ती या गाडीची आणि टेम्पोची जागा घ्यायला. 2005 मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे लोकांचा छोटा हत्ती, 12 इंची चाकांवर गल्लीबोळांत चालला. पण सोयाबीनची पोती बांधावरून उचलायला 15 इंची चाकांची महिंद्रा पिकअप अधिक उपयोगी पडली. उंचीचा जुना प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. 215/75 आर 15 या टायरची उंची सुमारे 703 मिलिमीटर, तर 235/75 आर 15 ची सुमारे 733. फरक 30 मिलिमीटरचा, पण आख वर जातो त्याच्या निम्म्याने, म्हणजे 15 मिलिमीटर. शिवाय वेगाचा काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 62 च्या पुढे असते, आणि चढावर इंजिनाची ओढ कमी पडते. चिखलासाठी उंचीचा हा फायदा तुटपुंजाच आहे. टायरची नक्षी आणि हवेचा दाब यांनी त्याहून जास्त फरक पडतो. काट्याकुट्यांच्या रानात जाड बाजूंचा नायलॉन टायर टिकतो, हमरस्त्यावर रेडियल कमी तापतो.

पाट्यांचेही तसेच. एक-दोन पाटे वाढवले की मागची बाजू भाराखाली बसत नाही, पण रिकामी गाडी उसळते. आख, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस मात्र आधीच्याच ताकदीचे राहतात. पाटा वाढला म्हणजे भार वाहण्याची क्षमता वाढली, हा समज सर्वांत धोक्याचा. आख आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टने गाडी उंच केली, तर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बदलतो, ब्रेकची नळी ताणली जाते आणि वळणावर गाडी कलते.

कायद्याची चौकटही आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्यामुळे टायर बदलताना त्या मॉडेलला कंपनीने मान्य केलेली मापे आणि टायरवर छापलेला भारांक पाहणे, आणि पाट्यांचा ताण गेला असेल तर मूळ संख्येचाच नवा संच बसवणे, एवढीच मोकळीक मालकाला उरते.