शाळेसाठी बाप्तिस्मा

केजीच्या ॲडमिशनसाठी पहाटेपासून रांगेत उभे राहणारे आई-बाप आपल्याला नवे नाहीत. आयर्लंडमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत याच कामाला एक वेगळा कागद उपयोगी पडायचा, बाप्तिस्म्याचा दाखला. चर्चची पायरी वर्षानुवर्षं न चढलेले, देवबिव न मानणारे लोक तान्ह्या पोराला घेऊन फादरसमोर जायचे आणि याला कॅथलिक म्हणून वाढवू असं वचन द्यायचे. कशासाठी? तर शाळेसाठी!

हे झालं कसं, ते बघण्यासारखं आहे. १८३१ मध्ये तिथल्या ब्रिटिश सरकारचा मुख्य सचिव एडवर्ड स्टॅनली याने राष्ट्रीय शाळांची योजना आखली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एका बाकावर शिकतील, धर्माचा तास फक्त वेगळा. डिझाइन झकास. पण शाळा चालवायला स्थानिक 'पेट्रन' लागायचा, आणि तो बहुतेक ठिकाणी धर्मगुरूच निघाला. शतक संपेपर्यंत बहुतेक शाळा धर्मवार वाटल्या गेल्या होत्या. स्वतंत्र आयर्लंडने तीच व्यवस्था पुढे चालवली: शिक्षकांचा पगार सरकारचा, कारभार चर्चचा. आजही जवळजवळ ९० टक्के प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. २००० च्या समानतेच्या कायद्यानेसुद्धा (नाव बघा!) शाळांना आपल्या धर्माच्या मुलांना आधी घ्यायची मुभा दिली होती. जागा भरपूर असतील तिथे काही अडत नसे. पण डब्लिनच्या काही भागांत जागा कमी पडायच्या, आणि बाप्तिस्मा नसलेलं मूल यादीत तळाला जायचं. धर्माच्या तासाला न बसण्याचा हक्क राज्यघटनेत आहे हो, पण आधी वर्गात शिरायला तर मिळायला हवं!

या आई-बापांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. चर्चचा स्वतःचा नियम सांगतो की मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा असेल तरच बाप्तिस्मा द्यावा. समोरचं जोडपं पुन्हा दिसणार नाही, हे फादरनाही कळत असणारच की. खोटं बोलायला लावलं ते नियमाने.

बरं, प्रवेश मिळाला की संपलं असंही नाही. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं. त्याआधी मुलं बरीच मोठी असायची. त्यामुळे हा संस्कार बरोब्बर दुसरीच्या वर्गात येतो आणि तयारी शाळेच्या वेळेतच होते. पांढरा झगा, डोक्यावर व्हेल, नातेवाइकांकडून पैशांची पाकिटं. मैत्रिणी हे सगळं मिरवत असताना सात वर्षांच्या मुलीला 'आपण निधर्मी आहोत' हे कोणी आणि कसं समजवायचं?

आणि बाहेर पडायचं म्हटलं तर? २००९ मध्ये चर्च सोडण्याचे फॉर्म देणारी एक साइट तिथे निघाली. त्याच वर्षी रोमने औपचारिकपणे चर्च सोडण्याची तरतूदच धर्मकायद्यातून काढून टाकली. म्हणजे इन्स्टॉल होतं, अनइन्स्टॉलचं बटणच नाही.

शेवटी २०१८ मध्ये कायदा आला आणि कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशात धर्म बघायची बंदी झाली. (अल्पसंख्य धर्मांच्या शाळांना सवलत राहिली.) तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडील हिंदू, मूळचे मालवणजवळच्या वराडचे. आई आयरिश कॅथलिक. लिओ वाढले कॅथलिक म्हणून.

२०२२ च्या जनगणनेत १४ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं. पहिलं कम्युनियन मात्र अजून दुसरीतच असतं.