मोठ्या भोपळ्याचं बी

परवा संध्याकाळी डांगराच्या मादी कळीला दोरा बांधत होतो, तर बांधावरून जाणारे एक काका म्हणाले, "काय रे, भोपळ्याचं लग्न लावतोस का?" म्हटलं, तसंच समजा. त्यावरून आज थोडा इतिहास लिहितो.

भोपळा म्हणताना आपण दोन वेगळी फळं एकत्र करतो. पांढऱ्या फुलाचा तो दुधीचा भाऊबंद, मूळचा आफ्रिकेतला, पण आपल्याकडं हजारो वर्षं असलेला. पिवळ्या फुलाचा लाल भोपळा, म्हणजे डांगर, अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडं आला. (लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीचा भोपळा चित्रात लाल असतो. पण आत बसून गडगडत जायचं तर वाळलेला कडू भोपळाच पाहिजे, असं आपलं माझं मत. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो तेसुद्धा तोच कमरेला बांधून.)

फळ मोठं व्हावं म्हणून बी निवडायचं काम आपल्याच पाण्यावर झालंय. आपली नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढं पंढरपूरला जाते. त्या पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातला कडू भोपळा मिरजेला जातो आणि त्याचे तंबोरे, सतारी होतात. मिरजेत १८५० च्या आसपास फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. ते शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारी मागं पडल्या आणि हात वाद्याकडं वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुषी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर पन्नास इंचांच्या पुढं लागतो. त्याला चव नको. साल जाड पाहिजे, आकार गोल पाहिजे आणि फळ वेलावर पुरतं वाळलं पाहिजे. एवढे महिने रान अडकवून ठेवायला उसाच्या पट्ट्यात कोण तयार होणार?

आणि बियाण्याची गोची वेगळीच. फळ कापलं जातं मिरजेत, म्हणजे बी निघतं तिथं. शेतकऱ्याला बी धरायचं तर एक फळ घरी ठेवावं लागतं. ठेवायला पाहिजे सगळ्यात मोठं, आणि पैसे जास्त देणारंही तेच. घरात अडचण असली की मोठं विकलं जातं आणि बारक्याचं बी राहतं. चार-पाच वर्षं असं झालं की फळाचा घेर उतरतो, आणि दोष जातो खताला.

तिकडं कॅनडात लाल भोपळ्याचं उलट झालं. विल्यम वॉर्नक यांचा १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनातला भोपळा ४०३ पौंडांचा, म्हणजे १८३ किलोच्या आसपास होता. तो विक्रम १९७६ पर्यंत टिकला. मग नोव्हा स्कोशियातले शेतकरी हॉवर्ड डिल यांनी जुन्या मॅमथ जातींत संकर आणि निवड करत 'अटलांटिक जायंट' तयार केला आणि १९७९ पासून सलग चार वर्षं पहिला नंबर घेतला. आज जगभरचे विक्रमी भोपळे त्याच बियाच्या वंशातले. २०२५ चा इंग्लंडमधला विक्रम सुमारे १,२७९ किलोंचा आहे! पाणी-खत सगळेच घालतात हो. त्यांची खरी करामत वहीत आहे. प्रत्येक बियाला नाव असतं: फळाचं वजन, शेतकऱ्याचं आडनाव, साल. आई कोण, बाप कोण, सगळं लिहिलेलं.

ती जात थंड हवेची, आपल्या उन्हात तिचा नाद नको. आपलं डांगर वेगळ्या प्रजातीचं. देठ बघा: आपल्याचा टणक, पाचकोनी, फळाजवळ पसरलेला, त्यांचा गोल आणि बुचासारखा मऊ. आपल्या संशोधन केंद्रांनी मात्र लहान फळाच्या जाती काढल्या. अर्का चंदन दोन-तीन किलोंचं. चार माणसांच्या घराला तेच बरोबर.

मी आईनं राखेत घोळून ठेवलेल्या जुन्या बियाच्या वेलावर यंदा नव्या जातीचा पराग घातलाय. संध्याकाळी उद्या उमलणारी नर आणि मादी कळी बांधायची, सूर्य उगवताना नराच्या पाकळ्या काढून पराग मादीला लावायचा, परत बांधायचं आणि देठाला चिठ्ठी. कडू भोपळा आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांना दुपारीच बांधा. "शेजारच्या वेलामुळं माझं फळ बिघडलं" हे यंदाच्या फळाबाबत खरं नसतं. बिघाड बियात जातो आणि पुढच्या वर्षी दिसतो. मी एकदा तंबोऱ्याचा भोपळा दुधीशेजारी लावला, दुधीचं बी धरलं आणि पुढच्या साली दुधी कडूजहर. सगळा वेल उपटला. असा दुधी खायचा नाही, रस तर घोटभरही नाही. विषबाधा होते.

आईच्या बियाचं फळ आठ-नऊ किलोंचं होतं. संकराचं बी पुढच्या हंगामात पेरणार, वजन इथंच लिहीन. भीमेकाठच्या कुणाकडं तंबोऱ्याच्या भोपळ्याचं घरचं बी असेल तर कळवा. मोठ्या फळाचं असेल तरच, आणि शेजारी दुधी होता का तेही सांगा.