उदासीही वेगवेगळी असते

बाई गप्प राहू लागली, अन्नावरची वासना उडाली की आपण म्हणतो, नजर लागली. नाहीतर म्हणतो, हिला काय कमी आहे? जुने ग्रीक वैद्य म्हणायचे, अंगात काळं पित्त वाढलं. कारण चुकीचं, पण निदान ते याला आजार तरी मानत होते!

१८५८ मध्ये मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी गरोदर आणि बाळंत बायकांच्या मनाच्या आजारांवर अख्खं पुस्तक लिहिलं. बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येतं, ते आपोआप थांबतं. दोन आठवडे उलटूनही बाळाकडे बघवत नसेल, तर मात्र तो आजार. त्याला आपण नखरे म्हणतो.

काही जणींची उदासी आणखी वेगळी. कधी अंथरुणातून उठवत नाही, तर कधी रात्रंदिवस झोप नको, अखंड बडबड, हातचा पैसा उधळायचा. जर्मनीच्या क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये ही दोन्ही एकाच आजाराची रूपं ठरवली, पण नुसत्या उदासीलाही त्यातच घातलं. ती वेगळी काढली लेओनहार्ट यांनी, १९५७ मध्ये. दोन्ही टोकांना जाणाऱ्या आजाराला आज बायपोलर म्हणतात.

नावाचा एवढा घोळ कशाला? औषधासाठी. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होते. सुटून आल्यावर त्यांनी लिथियम नावाचा क्षार गिनीपिगांना टोचला, तर ते शांत पडून राहिले. मग स्वतः घेऊन पाहिला. १९४८ मध्ये पाच वर्षं उन्मादात असलेल्या एका पेशंटला दिला. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर लागला. पुढे त्याने औषध सोडलं आणि आजार उलटला. पुन्हा सुरू केलं, पण १९५० मध्ये लिथियमच अंगात जास्त होऊन तो गेला. म्हणून आता हे औषध चालू असताना मधूनमधून रक्त तपासतात.

बायपोलर असताना नुसती उदासीची गोळी दिली, तर काहींचा उन्माद उसळतो. तेव्हा डॉक्टरांना फक्त रडण्याचं सांगू नका. मागे कधी आठ-आठ दिवस झोपेविना ती उत्साहात होती का, तेही सांगा. आणि जिवाचं बरंवाईट करायचं ती बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.