फटफट्यांच्या जत्रा

मोटारसायकलीस आपल्या लोकांनी ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. वाहन दृष्टीस पडण्यापूर्वी जे कानांवर आदळले, तेच नाव देणाऱ्याने टिपले. या वाहनाच्या इतिहासाचेही काहीसे असेच झाले आहे. अमेरिकेत दर उन्हाळ्यात मोटारसायकलस्वारांचे मोठमोठे मेळे भरतात. त्यांचे नाव निघताच कातडी जाकीट घातलेला, हातात बिअरची बाटली घेतलेला, साऱ्या गावास त्राहि भगवन् करून सोडणारा स्वार बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु ते ज्या प्रसंगातून जन्मले तो प्रसंग एका लहान गावातील दोन-तीन दिवसांचा आणि मेळ्यांची परंपरा मात्र शंभर वर्षांहून जुनी. ती कोणी उभारली, कशी चालविली, आणि तिच्या दारातून कोणास आत घेतले व कोणास बाहेर ठेवले, याचा शोध घेतला म्हणजे त्या गाजलेल्या चित्राखाली झाकली गेलेली दुसरी एक हकीकत हाती लागते. तीच आम्हांस येथे वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शहराबाहेरचे रस्ते म्हणजे पावसात चिखल आणि उन्हात धूळ. एकट्या स्वाराने लांबचा पल्ला गाठावयाचा तर ते साहसच होते. टायर फाटे, पट्टा तुटे, आणि पेट्रोल मिळण्याचे ठिकाण कोसन् कोस दूर असे. चार-आठ जण मिळून निघाले म्हणजे एकाचा पाना दुसऱ्याच्या कामी येई आणि वाटेत अडकलेल्यास मागे सोडून जाण्याची वेळ येत नसे. मोटारसायकलींचे क्लब निघाले ते हौसेइतकेच या गरजेपोटी. १९०३ साली ब्रुकलिन येथे अशा क्लबांची ‘फेडरेशन ऑफ अमेरिकन मोटारसायकलिस्ट्स’ ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायर राज्यातील लकोनिया गावाजवळ, सरोवराच्या काठी वीअर्स बीच येथे काही स्वार जमले. पुढल्याच वर्षी त्या मेळ्यास फेडरेशनची मान्यता मिळाली आणि अशा सहलींना ‘जिप्सी टूर’ हे नाव रूढ झाले. युरोपातील भटक्या जमातीवरून घेतलेले हे नाव; आपल्याकडे लमाणांच्या तांड्यावरून ते दिले गेले असते. अर्थात नाव उचलणाऱ्यांनी त्या जमातीचा तंबू तेवढा घेतला. गावोगाव त्या जमातीच्या वाट्यास येणारा तिरस्कार काही त्यांनी घेतला नाही.

या सहलींना उत्तेजन देणाऱ्यांत कारखानदारही होते, आणि त्यास सबळ कारण होते. १९०८ साली बाजारात आली तेव्हा फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीची किंमत साडेआठशे डॉलर होती. १९२५ च्या सुमारास तीच मोटार तीनशे डॉलरांच्या आत मिळू लागली. डोक्यावर छप्पर असलेले, चौघांना बसता येईल असे वाहन इतके स्वस्त झाल्यावर पोटापाण्यासाठी मोटारसायकल घेणार कोण? तेव्हा हे वाहन टिकावयाचे तर ते आनंदासाठी, खेळासाठी आणि सोबतीसाठी टिकणार, हे कारखानदारांनी ओळखले. फेडरेशन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोडली. पुढे कारखानदारांच्या संघटनेतूनच १९२४ साली ‘अमेरिकन मोटारसायकल असोसिएशन’ ही नवी संस्था उभी राहिली आणि जिप्सी सहलींची सूत्रे तिच्याकडे आली.

या सहली कशा चालत ते पाहण्यासारखे आहे. क्लबचे सभासद ठरल्या वेळी ठरल्या चौकात जमत. पुढे वाट माहीत असलेला नायक, मागे कोणी अडखळल्यास थांबणारा अनुभवी स्वार, आणि मधे नवखे. आपल्या दिंडीत पुढे पताका आणि मागे सामानाची गाडी असते, तशीच ही रचना. एकामागून एक सरळ रेषेत न जाता एक डावीकडे, पुढला उजवीकडे असे नागमोडी अंतर राखून चालण्याची रीत आजही पाळली जाते. पुढच्याने अचानक थांबविले तर मागच्यास जागा मिळावी, हा त्यातला हेतू. मुक्कामी पोहोचल्यावर तंबू, चुली, गाणी आणि खेळ. त्यांत एक खेळ तर मोठा मासलेवाईक होता. पाय जमिनीस न टेकविता जो सर्वांच्या शेवटी रेषेवर पोहोचेल, त्याला बक्षीस! वेगासाठी प्रसिद्ध असलेल्या वाहनाची ही हळू चालण्याची शर्यत स्वाराच्या तोलाची खरी परीक्षा घेई. सर्वांत लांबून आलेल्यास बक्षीस असे, तसेच नेटक्या गणवेशाच्या क्लबासही असे. इस्त्रीचे सदरे, गळपट्टे आणि चकाकणारे बूट घालून रांगेत उभे राहिलेले हे स्वार एखाद्या बँडपथकासारखे दिसत.

१९३८ च्या ऑगस्टात साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस या लहानशा गावी असाच एक मेळा सुरू झाला. तेथे क्लॅरेन्स होएल नावाचे गृहस्थ ‘इंडियन’ मोटारसायकलींचे विक्रेते होते. लोक त्यांना ‘पॅपी’ म्हणत. त्यांच्या ‘जॅकपाइन जिप्सीज’ या क्लबाने भरविलेल्या पहिल्या शर्यतीत अवघे नऊ स्पर्धक उतरले होते. आरंभीच्या वर्षांत पाहुणे होएल यांच्या घरामागील आवारात तंबू ठोकीत आणि पॅपींच्या पत्नी पर्ल त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था पाहत. ब्लॅक हिल्सच्या डोंगरांतून सर्वांनी मिळून फेरी मारावयाची, हा त्या मेळ्याचा एक मोठा आनंद. पुढे जगभर गाजलेल्या या जत्रेचा आरंभ अशा घरगुती आतिथ्यात झाला.

स्त्रियाही या चळवळीत मागे नव्हत्या. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या डॉट रॉबिन्सन यांनी १९४० साली मिशिगनमधील ‘जॅक पाइन’ या अवघड लांब पल्ल्याच्या स्पर्धेत साइडकार गटाचे विजेतेपद मिळविले. त्याच सुमारास त्यांनी लिंडा ड्यूगो यांच्यासह ‘मोटर मेड्स’ हा केवळ स्त्रियांचा क्लब काढला. संस्थापक सभासद एक्कावन्न. मेळ्याच्या मिरवणुकीत या स्त्रिया पांढरे हातमोजे घालून निघत आणि त्यावरूनच त्या ओळखल्या जात. यंत्राचे तेल हातांस लागलेल्या स्त्रीने पांढरे हातमोजे घालून गावातून मिरवावे यात एक मानी उत्तर होते. मोटारसायकल चालविणे कुलीन स्त्रीस शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांस त्या हातमोज्यांनी ते दिले.

येथवर ऐकून वाचकांस वाटेल की, ही सारी सज्जनांची सभा होती. पण त्या सभेच्या दारावर एक पाटी होती. अमेरिकन मोटारसायकल असोसिएशनचे सभासदत्व १९५० च्या दशकापर्यंत केवळ गोऱ्यांपुरते राखलेले होते. म्हणजे स्वच्छ सदरा, नम्र वर्तन, यंत्रावरील हुकमत हे सर्व असूनही कातडीचा रंग वेगळा असेल तर त्या स्वारास संस्थेत प्रवेश नव्हता. त्याच काळात बेसी स्ट्रिंगफिल्ड ही कृष्णवर्णीय तरुणी एकटी मोटारसायकलीवरून देश पालथा घालीत होती. तिने स्वतः सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे तिने असे आठ लांब प्रवास केले. दक्षिणेकडील राज्यांत खाणावळींत खोली नाकारली जाई, तेव्हा ती पेट्रोलपंपावर गाडी उभी करून हँडलावर जाकिटाची उशी करी आणि गाडीवरच रात्र काढी. दुसऱ्या महायुद्धात तिने सैन्यासाठी निरोप पोहोचविण्याचे काम केले. पुढे मायामीत स्थायिक होऊन तिने ‘आयर्न हॉर्स’ नावाचा स्वतःचा क्लब काढला. आतल्यांनी सोबतीसाठी क्लब काढले. बाहेर ठेवलेल्यांनाही सोबत हवीच होती.

आता त्या गाजलेल्या प्रसंगाकडे वळू. हॉलिस्टर हे कॅलिफोर्नियातील शेतकऱ्यांचे गाव, वस्ती सुमारे साडेचार हजार. युद्धापूर्वी तेथे शर्यती भरत असत. युद्धात खंड पडला आणि १९४७ च्या जुलैत, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, जिप्सी सहलीसाठी गाव पुन्हा सज्ज झाले. सुमारे चार हजार स्वार लोटले. म्हणजे गावात एका रहिवाशामागे जवळजवळ एक पाहुणा, आणि पोलीस अवघे सात! कित्येक स्वार नुकतेच युद्धावरून परतलेले होते. दारू वाहिली, मुख्य रस्त्यावर शर्यती लागल्या, बाटल्या फुटल्या. पन्नासच्या आसपास लोकांस अटक झाली ती मुख्यत्वे दारूच्या नशेत गोंधळ घालणे आणि बेफाम वाहन हाकणे यांसाठी. साठच्या आसपास लोक जखमी झाले. प्राण मात्र कोणाचा गेला नाही.

त्या महिन्याच्या २१ तारखेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात एक छायाचित्र पूर्ण पानभर झळकले : मोटारसायकलीवर रेललेला एक धिप्पाड, धुंद माणूस, दोन्ही हातांत बाटल्या आणि चाकांखाली बाटल्यांचा खच. त्या बाटल्या छायाचित्रासाठी मुद्दाम रचल्या होत्या, असे तेथे हजर असलेल्या एका माणसाने पुढे सांगितले, आणि त्याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. पण चित्राने आपले काम केव्हाच केले होते. १९५१ साली ‘हार्पर्स’ मासिकात या प्रसंगावर बेतलेली कथा आली आणि १९५३ साली मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट. ब्रिटनच्या चित्रपट परीक्षण मंडळाने तर १९६७ पर्यंत त्यास प्रमाणपत्र दिले नाही. शंभरांतील नव्व्याण्णव स्वार सभ्य आहेत, उपद्रव देतो तो एखादाच, असे असोसिएशनने तेव्हा म्हटल्याची आख्यायिका आहे. असे कोणतेही निवेदन आपल्या दफ्तरी सापडत नाही, असे संस्था सांगते. तरीही काही उपद्रवी टोळ्यांनी ‘एक टक्का’ हे शब्द भूषण म्हणून जाकिटावर मिरविण्यास आरंभ केला.

तेव्हापासून या मेळ्यांविषयीची चर्चा त्या एका टक्क्याभोवतीच फिरत राहिली आहे. निंदक म्हणतात, पाहा हे दांडगे; कैवारी म्हणतात, बाकीच्या नव्व्याण्णवांकडे पाहा. आमच्या मते दोघांचीही नजर खऱ्या प्रश्नावरून सुटली. हॉलिस्टरच्या बाटल्या दोन दिवसांत झाडून निघाल्या. सभ्य नव्व्याण्णवांनी आपल्या नियमांत लिहून ठेवलेला वर्णभेद मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू होता आणि त्याचे पानभर चित्र कोणी छापले नाही. दंगा डोळ्यांत भरतो. बंद दार भिंतीसारखेच दिसते. बेसी स्ट्रिंगफिल्ड १९९३ साली निवर्तली. त्याच असोसिएशनने तिला आपल्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान दिले ते २००२ साली.

आणि तो प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. कृष्णवर्णीय स्वारांनी १९८० पासून साउथ कॅरोलायना राज्यात अटलांटिक बीच येथे स्वतःचा मेळा सुरू केला. शेजारच्या मर्टल बीच शहरात दुसरा, मुख्यतः गोऱ्या स्वारांचा मेळाही भरे. दोन्ही मेळ्यांस मोटारसायकलीच येत, रस्ताही तोच. पण कृष्णवर्णीयांच्या मेळ्यास वाहतुकीचे निर्बंध अधिक कडक. या भेदाविरुद्ध २००३ साली न्यायालयात दावा झाला, २००६ साली तडजोड झाली, आणि २०१८ साली मर्टल बीचवरील बंदोबस्ताचा प्रश्न पुन्हा न्यायालयाच्या पायरीवर आला.

इकडे मूळचे मेळे वाढतच गेले. लकोनियास १९६५ साली मोठी दंगल झाली, तरी तो मेळा टिकला आणि २०२३ साली त्याने आपली शताब्दी साजरी केली. हॉलिस्टरने तर १९९७ साली त्या बदनाम सुट्टीचा पन्नासावा वाढदिवस मेळा भरवूनच साजरा केला. स्टर्जिसच्या पंचाहत्तराव्या मेळ्यास, २०१५ साली, सरकारी अंदाजाने सात लाखांहून अधिक माणसे आली; गावची वस्ती सात हजारांच्या आसपास. २०२० च्या महासाथीत गावकऱ्यांचा कौल घेतला असता बहुसंख्यांनी मेळा पुढे ढकलावा असे म्हटले. तरीही तो भरला, कारण गावाचे उत्पन्न त्यात गुंतलेले होते. होएल यांच्या परसात पाहुण्यांना यजमान ओळखीत होते. आता यजमानाचे म्हणणेही मोजणीपुरते उरले.

गोमंतकास मोटारसायकल परकी नाही. पिवळ्या मडगार्डाची गाडी घेऊन तिठ्यावर उभा असलेला ‘पायलट’ हा तेथील नित्य जीवनाचाच भाग आहे. २०१३ साली वागातोर येथे ‘इंडिया बाइक वीक’ हा मेळा प्रथम भरला आणि अमेरिकेतील या परंपरेचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. पालखी, जत्रा आणि फेस्त यांचा अनुभव असलेल्या आपल्या समाजास अशा मेळ्याची पारख करणे अवघड जाऊ नये. किती आवाज झाला आणि किती बाटल्या फुटल्या, याची नोंद पोलीस ठेवतीलच आणि ती ठेवावीही. पण मागे पडलेल्यासाठी कोणी थांबले काय, ज्या गावात मेळा भरला त्या गावाचे म्हणणे कोणी ऐकले काय, आणि ज्यास यावयाचे होते त्यास दारातून परत तर पाठविले नाही ना, हे प्रश्न विचारण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.